लघवीतली साखर म्हणजे एक वजाबाकी

लघवीच्या रिपोर्टवर ‘शुगर : निल’ दिसलं की नजर पुढच्या ओळीवर जाते. निल म्हणजे काही घडलंच नाही, असा आपला समज. प्रत्यक्षात निरोगी माणसाची मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज रक्तातून बाहेर काढतात आणि जवळजवळ सगळंच्या सगळं परत रक्तात भरतात. चोवीस तासांच्या लघवीत उरतं ते अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. नेहमीच्या तपासणीपट्टीला ते दिसतसुद्धा नाही.

म्हणून लघवीतल्या साखरेला रक्तातल्या साखरेचं माप समजू नये. ती बाकी आहे. जेवढी गाळली त्यातून जेवढी परत घेतली ती वजा केली की जे उरतं ते. या वजाबाकीत तीन आकडे असतात: रक्तात साखर किती, मूत्रपिंडं मिनिटाला किती द्रव गाळतात, आणि नलिकांमधले वाहक मिनिटाला किती साखर उचलू शकतात. यातला एकही हलला की उत्तर बदलतं. रक्तातली साखर उत्तम असूनही लघवीत साखर येऊ शकते, आणि रक्तातली चढलेली असतानाही लघवी कोरी राहू शकते. पहिल्या रिपोर्टने माणसं घाबरतात, दुसऱ्याने निर्धास्त होतात. खरं तर काळजी दुसऱ्याची करायला हवी.

आधी सगळं बाहेर

एका मूत्रपिंडाचं वजन साधारण १५० ग्रॅम. दोन्ही मिळून शरीराच्या वजनाचा अर्धा टक्काही भरत नाहीत, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा, किंबहुना थोडा जास्तच, त्यांच्याकडे जातो: मिनिटाला १.१ ते १.२ लिटर. एवढं रक्त त्यांना स्वतःच्या पोषणासाठी लागत नाही, ते गाळून घेण्यासाठी येतं. रक्तपेशी वगळल्या तर मिनिटाला ६०० ते ६५० मिलिलिटर रक्तद्रव होतो आणि त्यातला पाचवा भाग, म्हणजे १२५ मिलिलिटर, चाळणीच्या पलीकडे उतरतो. दिवसाचे झाले १८० लिटर. शरीरात रक्तद्रव असतो तीन लिटरच्या आसपास, म्हणजे तोच तो रक्तद्रव दिवसातून साठ वेळा गाळला जातो. त्यातून लघवी होते दीड लिटर. बाकीचं सगळं माघारी.

ऐकताना हा प्रकार उधळपट्टीचा वाटतो. घर झाडायचं म्हणून सगळं सामान अंगणात मांडायचं आणि हवं ते एकेक करून आत न्यायचं, तसं. पण यात एक मोठी सोय आहे. कचरा ओळखत बसावं लागत नाही. हवं काय ते ठाऊक असलं की पुरे. चाळणीतून उतरण्याइतका लहान असा एखादा अनोळखी पदार्थ रक्तात आला, तर त्याला बाहेर काढायला नवी यंत्रणा लागत नाही; कुणी त्याला परत उचलत नाही, एवढ्यानेच बऱ्याचदा काम होतं. साखर हवी असते, म्हणून तिच्यासाठी हमाल नेमलेले असतात.

प्रत्येक मूत्रपिंडात दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन, म्हणजे चाळणी आणि नळी मिळून झालेले सूक्ष्म घटक, असतात, माणसागणिक फरक बराच. नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुंता असतो, तो ग्लोमेरुलस. त्याला कवेत घेणारी पिशवी ती बोमनची, विल्यम बोमन यांनी १८४२ मध्ये वर्णन केलेली. शरीरात इतर ठिकाणी केशवाहिन्यांच्या जाळ्यात रक्त धमनिकेतून शिरतं आणि शिरेकडे निघून जातं. इथे मात्र दोन्ही टोकांना धमनिका आहेत, एक आत आणणारी आणि एक बाहेर नेणारी. दोन्हीकडे तोटी असल्यावर मधला दाब हवा तसा राखता येतो. तो असतो साधारण ६० मिलिमीटर पारा. त्याच्या विरुद्ध दोन गोष्टी ओढतात: पिशवीत आधीच साचलेल्या द्रवाचा दाब, सुमारे १८, आणि रक्तातल्या प्रथिनांची पाणी धरून ठेवण्याची ओढ, सुमारे ३२. साठातून पन्नास गेले, उरले दहा.

या दहा मिलिमीटरवर १८० लिटरचा सगळा कारभार चालतो. मूतखड्याने वाट अडली की पिशवीतला दाब वाढू लागतो आणि दहाची शिल्लक संपायला फार वेळ लागत नाही. अतिसाराने किंवा रक्तस्रावाने रक्तदाब कोसळला की साठच खाली येतो. साध्या चढउतारांना मात्र मूत्रपिंड दाद देत नाही. सरासरी रक्तदाब ८० ते १६० च्या दरम्यान कुठेही असला तरी आत आणणारी धमनिका आकसून किंवा सैल होऊन गाळण्याचा वेग जवळपास तोच ठेवते. या तोट्यांशी खेळणारी औषधं आपल्या ओळखीची आहेत. आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आत आणणाऱ्या तोटीला सैल होऊ देत नाहीत. रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या बाहेर नेणारी तोटी सैल करतात. त्यात लघवीची गोळी चालू असेल आणि वर उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं असेल, तर येणारं कमी, जाणारं मोकळं, आणि मधला दाब नाहीसा. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा, दोन-तीन दिवसांत वर जातं ते अशा वेळी.

चाळणीचे थर तीन. आतून केशवाहिनीचं अस्तर, ज्याला ७० ते १०० नॅनोमीटरची भोकं असतात. लाल पेशी सात-आठ मायक्रोमीटरची, म्हणजे भोकाच्या शंभरपट मोठी. ती इथेच अडते. त्यामागे जेलीसारखा आधारपडदा. त्याच्या बाहेर पोडोसाइट पेशींची एकमेकांत गुंतलेली बोटं आणि त्या बोटांमधल्या फटींवर ताणलेला नेफ्रिन वगैरे प्रथिनांचा पडदा. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन आकाराने मोठं आणि ऋणभारित. चाळणीच्या थरांवरही ऋणभार, त्यामुळे ते जवळजवळ सगळं रक्तातच राहतं. ग्लुकोजचा रेणूभार १८०, विद्युतभार शून्य. त्याला तिन्ही थरांत कुठेच अडथळा नाही. पिशवीत उतरलेल्या द्रवात साखरेचं प्रमाण रक्तद्रवाइतकंच असतं. थोडक्यात, चाळणी साखरेबाबत काहीही निवड करत नाही. लघवीत साखर आली म्हणून ‘चाळणी फाटली’ असं कुणी सांगितलं तर ते चूक. चाळणी बिघडल्याची खूण म्हणजे अल्ब्युमिन. साखरेचं खातं पुढच्या नळीचं.

हे १९२४ मध्ये डोळ्यांसमोर सिद्ध झालं. मूत्रपिंड आधी गाळतं की नलिकांच्या पेशी थेट लघवी झिरपवतात, हा वाद तोवर कितीतरी दशकं चालला होता. जोसेफ वर्न आणि आल्फ्रेड रिचर्ड्‌स यांनी सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत बेडकाच्या बोमन पिशवीत काचेची अतिशय बारीक नळी टोचली आणि आतला थेंब ओढून घेतला. त्या थेंबात साखर होती. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत नव्हती. म्हणजे साखर गाळली जाते आणि वाटेत कुठेतरी परत घेतली जाते, हे एका थेंबाने सांगितलं.

दोन दरवाजे, एक पंप

ती वाट म्हणजे नेफ्रॉनची पहिली वळणावळणाची नळी, शास्त्रीय मराठीत समीपस्थ नलिका. लांबी दीड सेंटिमीटरच्या आसपास. आतल्या बाजूला तिच्या पेशींवर ब्रशच्या केसांसारखे दाट सूक्ष्म तंतू असतात, त्यामुळे पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. गाळलेल्या पाण्याचा आणि मिठाचा दोनतृतीयांश भाग इथेच परत जातो. साखर तर नळी संपण्याच्या आतच संपलेली असते.

एक पेशी जवळून पाहू. तिची एक बाजू गाळलेल्या द्रवाकडे, दुसरी रक्ताकडे. रक्ताकडच्या भिंतीवर सोडियम-पोटॅशियम पंप. एक एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) खर्चून तो तीन सोडियम बाहेर फेकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, अखंड. त्यामुळे पेशीत सोडियम राहतं लिटरला १० ते १५ मिलिमोल, आणि बाहेर द्रवात असतं १४०. शिवाय पेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण. धनभारित सोडियमला आत शिरायची दोन-दोन कारणं झाली. द्रवाकडच्या भिंतीवर त्याला दरवाजाही आहे, पण अट अशी की येताना ग्लुकोजचा एक रेणू सोबत आणायचा. हा दरवाजा म्हणजे एसजीएलटी-२.

सोडियम उताराने आत येतं, त्याचा हात धरून ग्लुकोज चढावर येतं. दरवाजा स्वतः काहीच ऊर्जा खर्च करत नाही. खर्च पलीकडच्या पंपाने आधीच केलेला असतो. सोडियमच्या उतारावर साखर ओढली जाते ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथे मांडली, ती आतड्याच्या संदर्भात. तोवर साखर शोषली जाताना तिच्यावर काहीतरी रासायनिक प्रक्रिया होत असावी असा कल होता. उलट्या-जुलाबांवर देतात त्या मीठ-साखरेच्या पाण्यामागचं तत्त्वही हेच, फक्त दरवाजा आतड्यातला.

आत साखर साचली की रक्ताकडच्या भिंतीतल्या ग्लूट-२ या दुसऱ्या दरवाजातून ती उताराने बाहेर पडते. इथे सोडियमही नाही, खर्चही नाही. पण हा दरवाजा लागतोच. तो जन्मतः सदोष असलेल्या मुलांमध्ये साखर पेशीत येते आणि अडकते, यकृतात आणि मूत्रपिंडात ग्लायकोजेनचे, म्हणजे साठवलेल्या साखरेचे, साठे फुगतात. फॅनकोनी-बिकल विकार तो हाच.

नळीच्या शेवटच्या तुकड्यात हमाल बदलतो. तिथे एसजीएलटी-१ असतो. तो एका ग्लुकोजमागे दोन सोडियम मागतो. महागडा आहे, पण त्याच हिशेबाने ताकदवानही. एका सोडियमच्या बळावर ग्लुकोज सुमारे शंभरपट चढावर नेता येतं. दोन सोडियम असले तर सैद्धांतिक मर्यादा दहा हजारपटीच्या घरात जाते. सुरुवातीला द्रवात साखर भरपूर असते, तिथे स्वस्तातला भरभर उचलणारा माणूस पुरतो. शेवटी तळाशी राहिलेले कण गोळा करायचे असतात, तिथे चिकाटीचा. साधारण ९० टक्के किंवा त्याहून जास्त साखर एसजीएलटी-२ उचलतो, उरलेली एसजीएलटी-१. ही वाटणी पुढे औषधांच्या गोष्टीत फार महत्त्वाची ठरते.

आणखी एक गंमत. दिवसाला १८० ग्रॅम साखर हातांखालून जाणाऱ्या या पेशी स्वतः ती जवळपास खात नाहीत. त्या चालतात मेदाम्लं, लॅक्टेट आणि ग्लुटामिनवर. उलट उपवासात लॅक्टेट वगैरेंपासून नवं ग्लुकोज बनवून त्या रक्तात सोडतात.

हमाल किती, माल किती

वाहक मोजके असतात. मिनिटाला किती साखर परत नेता येईल याला म्हणून कमाल मर्यादा पडते. प्रौढ पुरुषात ती साधारण ३७५ मिलिग्रॅम, स्त्रियांमध्ये ३०० च्या आसपास. आता हिशेब. रक्तात साखर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे मिलिलिटरला १ मिलिग्रॅम. मिनिटाला १२५ मिलिलिटर गाळलं, तर साखर गाळली १२५ मिलिग्रॅम. क्षमता ३७५ ची, काम १२५ चं. बाकी शून्य.

याच हिशेबाने रक्तातली साखर ३०० झाली की गाळलेली साखर ३७५ होईल, आणि तिथून पुढे लघवीत साखर यायला हवी. प्रत्यक्षात ती १८० ते २०० लाच दिसू लागते. हा फरक विद्यार्थ्यांना नेहमी अडवतो, आणि पुस्तकं तो ‘उंबरठा १८०’ असं एका वाक्यात उरकतात. कारणं दोन. सगळे नेफ्रॉन सारखे नसतात: एखाद्याची चाळणी मोठी आणि नळी आखूड, त्याच्याकडे माल जास्त आणि हमाल कमी; तो २०० लाच गळू लागतो, शेजारचा ३०० पर्यंत तग धरतो. दुसरं म्हणजे वाहक दिव्याच्या बटणासारखे नसतात. मर्यादा जवळ येऊ लागली की थोडेथोडे रेणू त्यांच्या हातून निसटतातच, मर्यादा गाठायच्या बऱ्याच आधीपासून. त्यामुळे आलेखावर कोपरा दिसत नाही, गोलसर वळण दिसतं. उंबरठ्याचा आकडा माणसागणिक २०-३० ने सहज इकडेतिकडे होतो, तो दगडावरची रेघ समजू नये.

या विषयात १८० हा आकडा इतक्यांदा भेटतो की गोंधळ होतो. दिवसाचे १८० लिटर, त्यात १८० ग्रॅम साखर, ग्लुकोजचा रेणूभार १८०, उंबरठा १८०. लिटर आणि ग्रॅम यांचं नातं खरं आहे, कारण लिटरला एक ग्रॅम साखर असते. बाकीचे दोन निव्वळ योगायोग.

आता रक्तातली साखर ४०० करू. गाळलेली साखर मिनिटाला ५०० मिलिग्रॅम, परत गेली ३७५, लघवीत सुटली १२५. दिवसभर असंच राहिलं तर पुन्हा १८० ग्रॅम, म्हणजे सातशेच्या वर किलोकॅलरी नुसत्या वाहून गेल्या. भरपूर खाऊनही वजन का उतरतं याचा अर्धा जबाब यात आहे. १८० ग्रॅम म्हणजे बरोबर एक मोल ग्लुकोज, आणि ते नळीतून एकटं जात नाही. पाण्याला धरून ठेवतं. मग लघवी तीन-चार लिटरवर जाते, तिच्याबरोबर सोडियम आणि पोटॅशियम जातं, तहान भागत नाही, रात्री चार-चार वेळा उठावं लागतं.

धोक्याचं वळण याच्या पुढे आहे. प्यायलेलं पाणी गेलेल्या पाण्याला पुरेनासं झालं की रक्ताचं आकारमान घटतं, दाब उतरतो, आणि गाळण्याचा वेग १२५ वरून ७०-८० वर येतो. वजाबाकीतला दुसरा आकडा हलला. आता लघवीतून साखर कमी जाते, लघवीही कमी होते. घरच्यांना वाटतं फरक पडला. खरं तर साखर बाहेर टाकायची वाट बंद होत चाललेली असते, त्यामुळे रक्तातली साखर आता झपाट्याने ६००-८०० कडे धावते. वयस्क मधुमेही माणूस आधी खूप लघवी करत होता, आता कमी करतोय आणि गुंगीत आहे, तर तिथे क्षणही दवडू नये. पहिला उपाय शिरेतून सलाईनचा. इन्सुलिन त्याच्या जोडीने आणि पोटॅशियम पाहून.

रक्त ठीक, लघवी गोड

गरोदरपणात गाळण्याचा वेग जवळपास दीडपट होतो. रक्तात साखर ११० असली तरी नळ्यांवर माल दीडपट येतो, त्यात नळ्यांची परत घेण्याची ताकदही थोडी उतरलेली असते. मग पट्टीवर साखर दिसते आणि घरात धांदल उडते. या पट्टीवरून गरोदरपणातल्या मधुमेहाचं निदान करता येत नाही, आणि पट्टी कोरी असली म्हणून तो नाकारताही येत नाही. त्यासाठी ग्लुकोज पाजून रक्ताचीच तपासणी करावी लागते.

एसजीएलटी-२ बनवणाऱ्या जनुकात दोष असलेल्या कुटुंबांत लघवीतून दिवसाला काही ग्रॅमपासून कधी शंभरावर ग्रॅमपर्यंत साखर जाते. उपाशीपोटी साखर, जेवणानंतरची साखर, एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी), सगळं स्वच्छ. लघवीतून दुसरं काही जात नाही. बहुतेकांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. या लोकांचा खरा धोका म्हणजे नुसत्या लघवीवरून मधुमेहाचं लेबल लागणं आणि गोळ्या सुरू होणं.

साखरेसोबत फॉस्फेट, बायकार्बोनेट, अमिनो आम्लं, युरिक आम्ल हेही वाहत असेल तर मात्र एक दरवाजा बिघडलेला नाही, सगळी पेशीच आजारी आहे. हा फॅनकोनी विकार. टेनोफोव्हिर, आयफोस्फामाइड यांसारखी औषधं, मायलोमा या रक्ताच्या कर्करोगातली हलकी प्रथिनसाखळी, मुलांमध्ये सिस्टिनोसिस हा जन्मजात विकार अशी त्याची कारणं. ओळखायची खूण सोपी: रक्तातली साखर नॉर्मल, लघवीत साखर, आणि रक्तात फॉस्फेट व युरिक आम्ल दोन्ही कमी. हाडं दुखतात ती फॉस्फेट गेल्यामुळे.

उलटा प्रकार जास्त फसवा. उतारवयात आणि जुन्या मधुमेहात उंबरठा वर सरकलेला असू शकतो. चाळण्या कमी झालेल्या असतात, आणि मधुमेहात नळ्यांची साखर परत घेण्याची कमाल क्षमता वाढलेली आढळते. शरीराला नको असलेली साखर मूत्रपिंड अधिकच निष्ठेने परत आणत राहतं. रक्तात २४० आणि लघवी कोरी, असं मग होऊ शकतं. लघवीच्या पट्टीवर इन्सुलिनचा डोस ठरवायचे दिवस गेले ते चांगलंच झालं.

पट्टी बुडवताना

पट्टीवरच्या साखरेच्या चौकोनात दोन विकरं असतात. ग्लुकोज ऑक्सिडेज ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, पेरॉक्सिडेज त्याचा वापर करून रंग काढतं. लघवी ताजी हवी, शक्यतो तासाभरातली. उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवावी, पण तपासायच्या आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, कारण गार लघवीत विकरं मंदावतात आणि रंग फिका येतो. पट्टी क्षणभर पूर्ण बुडवून बाहेर काढायची, कडा भांड्याच्या काठाला पुसायची, आडवी धरायची. उभी धरली तर शेजारच्या चौकोनाचं रसायन ओघळून येतं. बहुतेक पट्ट्यांवर साखर ३० सेकंदांनी वाचायची असते. दोन मिनिटांनी वाचली तर ती उगाच एक पायरी वर दिसते. डबीचं झाकण लगेच लावायचं, ओलाव्याने पट्ट्या मरतात.

क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या चालू असतील तर ते पेरॉक्साइड फस्त करतं आणि साखर असूनही चौकोन कोराच राहतो. तासन्‌तास बाहेर राहिलेल्या नमुन्यात जिवाणू साखर खाऊन टाकतात. भांडं ब्लीचने धुतलेलं असेल तर याच्या नेमकं उलट, साखर नसताना रंग येतो. सकाळची पहिली लघवी रात्रभर साचलेली असते, ती सहा-सात तासांची गोळाबेरीज सांगते. या घडीचं चित्र हवं असेल तर एकदा लघवी करून ती टाकून द्यावी आणि अर्ध्या तासाने पुन्हा नमुना घ्यावा.

जुनी बेनेडिक्ट चाचणी अजून प्रयोगशाळेच्या वहीत टिकून आहे, आणि एका ठिकाणी ती खरंच उपयोगी पडते. ५ मिलिलिटर निळं द्रावण आधी एकटं उकळून बघायचं; निळंच राहिलं तर ते ठीक. मग लघवीचे ८ थेंब घालून दोन मिनिटं उकळायचं. हिरवट म्हणजे थोडी, पिवळा, नारिंगी, आणि विटकरी लाल म्हणजे दोन टक्क्यांच्या वर. ही चाचणी फक्त ग्लुकोजला ओळखत नाही, दुसऱ्या शर्करांनाही रंग देते. अंगावर पाजणाऱ्या आईच्या लघवीत लॅक्टोज असलं तरी रंग बदलतो. नवजात बाळात पट्टी कोरी आणि बेनेडिक्ट हिरवी-पिवळी आली, तर गॅलॅक्टोज, म्हणजे दुधातल्या साखरेचा एक घटक, न पचण्याचा जन्मजात विकार आठवायला हवा, आणि तो खुलासा होईपर्यंत दूध थांबवायचं का, हे बालरोगतज्ज्ञांना त्याच दिवशी विचारायला हवं.

दरवाजा मुद्दाम बंद करणारी गोळी

सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ वेगळा केला गेला. १८८६ मध्ये योसेफ फॉन मेरिंग यांनी तो दिल्यावर लघवीत साखर येते हे दाखवलं. त्याने एसजीएलटी-१ आणि २ दोन्ही बंद होतात. आतड्यातला एसजीएलटी-१ बंद झाला की जुलाब, त्यात पोटात फ्लोरिझिन टिकत नाही; म्हणून औषध व्हायला शंभरावर वर्षं लागली. फक्त एसजीएलटी-२ ला अडवणारं डॅपाग्लिफ्लोझिन २०१२ मध्ये युरोपात आणि कॅनाग्लिफ्लोझिन २०१३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

इथे वजाबाकी पुन्हा चकवते. ९० टक्के काम करणारा हमाल अडवला, तर ९० टक्के साखर सुटायला हवी. सुटते ती दिवसाला ६० ते ८० ग्रॅम. कारण पुढचा एसजीएलटी-१ एरवी बराचसा रिकामा बसलेला असतो. माल वाढताच तो जोमाने उचलू लागतो. रक्तातली साखर जसजशी उतरते तसतसा गाळला जाणारा मालही घटतो, म्हणून ही गोळी एकटी असताना साखर धोकादायकरीत्या खाली सहसा जात नाही. सोबत इन्सुलिन किंवा ते वाढवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर गोष्ट वेगळी.

मूत्रपिंडाला तिचा फायदा होतो तो साखरेच्या वाटेने कमी आणि दाबाच्या वाटेने जास्त. मधुमेहात नळीच्या सुरुवातीला साखर आणि सोडियम जास्त ओढलं जातं, पुढे नळीच्या मॅक्युला डेन्सा या पहाऱ्याच्या ठिकाणी सोडियम कमी पोचतं. पहारेकऱ्याला वाटतं, गाळलंच कमी. तो आत आणणारी तोटी सैल सोडतो आणि ग्लोमेरुलसमधला दाब वर्षानुवर्षं चढा राहतो. गोळीने एसजीएलटी-२ बंद झाला की सोडियम पुढे पोचतं, तोटी आवळते, दाब उतरतो. म्हणून गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर (रक्ततपासणीवरून काढलेला गाळण्याच्या वेगाचा अंदाज) तीन ते पाच अंकांनी घसरलेला दिसतो. ते बिघडल्याचं लक्षण नाही, दाब उतरल्याचं आहे. गोळी त्यासाठी थांबवू नये. घसरण तीस टक्क्यांच्या वर गेली तर मात्र पाणी कमी पडलंय का, सोबत लघवीची गोळी किंवा वेदनाशामक चालू आहे का, हे शोधावं. चाळण्या कमी उरलेल्या माणसात ही गोळी साखर फारशी उतरवत नाही, कारण गाळलं जाणारंच थोडं. दाबाचा फायदा तरीही मिळतो.

गोड लघवीमुळे जननेंद्रियांच्या त्वचेवर बुरशी वाढते, हा सगळ्यात नेहमीचा त्रास. पाण्याने धुऊन कोरडं ठेवणं एवढ्याने बराच टळतो. क्वचित दिसणारा पण गंभीर प्रकार म्हणजे रक्तातली साखर २५० च्या आत असतानाच होणारा कीटोआम्लविकार, म्हणजे रक्तात कीटोन नावाची आम्लं साचणं. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप, आणि ग्लुकोमीटरवर आकडा बरा, म्हणून निदान चुकतं. उलट्या, उपासमार, मोठा ताप असेल त्या दिवसांत गोळी बंद ठेवायची असते, आणि ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी. एर्टुग्लिफ्लोझिन असेल तर चार.

या गोळीवर असलेल्या माणसाच्या लघवीची पट्टी साखरेसाठी कायम गडद येणार. त्यावरून मधुमेह आटोक्यात आहे की नाही यातलं काहीच कळत नाही. गोळी थांबवल्यावरही ती काही दिवस तशीच येऊ शकते, तेव्हा शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत लघवीत साखर भरपूर आणि रक्तात बेताची दिसली, तर आधी शेवटची गोळी कधी घेतली ते विचारावं आणि रक्तातले कीटोन तपासून घ्यावेत.